खोक

रात्री साडेनऊला गंगावेशीच्या कट्ट्यावर
म्हशी येऊन उभ्या राहतात,
शिंगांना तेल, गळ्यात कवड्या.
आपण ग्लास पुढं करायचा.
धार थेट ग्लासात. दूध
म्हशीच्या अंगाएवढं कोमट.

इथं अनोळखी माणसालाही भावा म्हणतात.
"भावा, जरा सरक."
"भावा, सुट्टे हैत काय?"
आणि लगेच,
"कुठल्या पेठेचा?"
पहिल्या शब्दानं दार उघडायचं,
दुसऱ्यानं चौकटीला हात आडवा लावायचा,
अशी आमच्या गावची रीत.
हल्ली पेठ सांगून भागत नाही.
आडनाव विचारतात,
मग मोबाईलवरचा डीपी बघतात.

दस्तगीर शिकलगार माझ्या शेजारी उभा असतो.
दिवसभर विळ्या-कात्र्यांना धार लावतो,
रात्री धार प्यायला येतो.
नखांत चाकाची काळी पूड,
डाव्या भुवईत खोक, तिथं केस उगवत नाहीत.
कुणी विचारलं की सांगतो,
"म्हशीनं लाथ मारली."
माणसं हसतात.

म्हैस नव्हती.
स्टेडियमची पूर्वेकडची गॅलरी होती,
शहाऐंशी साल, सेमीफायनल.
तो त्यांचा गोलकीपर, पिवळ्या जर्सीतला.
आमची पेनल्टी त्यानं पंजावर घेतली
आणि वळून गोलपोस्टाचा मुका घेतला.
मी सतरा वर्षांचा.
हातात वीट, अर्धी.
वीट कुठून आली ते आठवत नाही.
मागून अख्खी पेठ ओरडत होती
आणि त्या ओरडण्यात
माझं नाव कुठंच नव्हतं,
म्हणून किती हलकं वाटलं होतं.

त्या रात्री मला खांद्यावर घेऊन नाचले.
तांबडा-पांढरा झाला, पातेलं पुसून.
आमच्या तालमीत गणपतीशेजारी पीर बसायचा,
वस्तादांनी दोघांपुढंही ऊद जाळला.
देवावरून आमचं काहीच नव्हतं.
फक्त पिवळा रंग बघवत नव्हता.
तेवढं पुरतं माणसाला.

गेल्या महिन्यात दुकानं बंद होती,
कुणाच्या तरी स्टेटसवरून.
शटरं खाली, चौकात गाडी.
म्हशी मात्र वेळेवर आल्या,
त्यांना कुणी कळवलं नव्हतं.
गिऱ्हाईक आम्ही दोघं, आणि एक पोलीस,
काठी काखेत, ग्लास दोन्ही हातांत,
अगदी कोवळा, परगावचा असावा.

मी म्हणालो, "दस्तगीर, ती वीट..."
"अर्धी," तो म्हणाला.
"अर्धीच होती. बघितलं की मी.
तुझ्या शर्टाला तिसरं बटण नव्हतं."

एक म्हैस शेपटी हलवत राहिली.
मी ग्लासात बघत राहिलो.
"मग बोलला का न्हाईस?"

त्यानं फेस फुंकला.
"दवाखान्यात आमची पोरं सळया घेऊन बसलेली.
कोण हुता, कोण हुता, एकच धोशा.
म्हटलं, म्हैस हुती.
म्हणाली, ह्याच्या डोस्क्यावर परिणाम झालाय.
होऊ दे म्हटलं.
म्हशीच्या घरावर कोण जातंय?"

एकोणचाळीस वर्षं
हा माणूस एका म्हशीवर आळ घेऊन
माझ्या शेजारी दूध पीत होता.
आणि मी रोज रात्री
त्याच्या उजव्या बाजूला उभा राहायचो,
खोक दिसू नये म्हणून.

माफीचे शब्द जुळवत होतो.
ते शाळेच्या पुस्तकातले निघत होते,
इस्त्री केलेले, माझ्या मापाचे नव्हते.
मी नुसता चालत त्याच्या डाव्या बाजूला गेलो.
तो सरकला. जागा झाली.

तेवढ्यात पोलिसाला ड्यूटी आठवली.
ग्लास खाली ठेवून, आवाज जाड करून
त्यानं विचारलं,
"कुठल्या पेठेचे तुम्ही?"

आमच्या दोघांच्याही मिशांना फेस होता.
उत्तर द्यायला जरा वेळ लागला.